रेवदंड्याचा एलियाहू, कोर्लईचा कार्मेल

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून ताम्हिणीच्या दिशेने निघालं की पिरंगुट लागतं, मग पौड, मग मुळशीचं धरण. पावसाळ्यात या रस्त्यावर अर्धं पुणं कणसं खात उभं असतं. पण त्या धरणातलं पाणी पुढे कुठे जातं, हे त्या गर्दीत फार थोड्यांना ठाऊक असावं. मुळा ही मुळात पूर्वेकडे जाणारी नदी. मुठेला, भीमेला, कृष्णेला मिळून तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जायचं. टाटांनी १९२० च्या दशकात तिच्यावर धरण बांधलं. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला तो याच धरणाविरुद्ध. पुढे हे पाणी सह्याद्रीच्या पश्चिम कड्यावरून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं गेलं. तिथून ते कुंडलिकेत येतं, कोलाडला राफ्टिंगवाल्यांच्या बोटी उडवतं, रोह्यावरून वाहत जातं आणि अरबी समुद्राला मिळतं.

जिथे मिळतं तिथे खाडीच्या दोन काठांवर दोन गावं आहेत. उत्तरेला रेवदंडा. पोर्तुगीज तटबंदीच्या भग्न भिंती, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि एकोणिसाव्या शतकातलं ‘बेथ एल’ सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनालय. दक्षिणेला कोर्लई. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी कॅथलिक वस्ती आणि माउंट कार्मेलच्या मातेचं चर्च. इथले लोक घरात अजूनही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून जन्मलेली स्वतःची बोली बोलतात. १७४० मध्ये पोर्तुगीज रेवदंड्याला लागून असलेलं चौल सोडून गेले, मराठ्यांचा अंमल आला, मग इंग्रज आले आणि गेले. एवढ्याशा वस्तीने बोली आणि देऊळ दोन्ही टिकवलं.

काठ दोन, धर्म दोन. पण दोन्ही काठांवर एकच माणूस ओळखीचा आहे, आणि तो ना कोकणातला ना पोर्तुगालचा. तो आहे बायबलमधला संदेष्टा एलीया.

हा योगायोग मला आवडतो, कारण एक अवघड प्रश्न त्यातून सोपा नाही तरी स्पष्ट होतो. समजा एखाद्याची आजी शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या पवित्र शनिवारचा दिवा लावायची आणि तो स्वतः दर रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातो. आजीच्या दिव्याचं त्याने काय करायचं? तो दिवा आठवणे म्हणजे आपल्या श्रद्धेशी बेइमानी? की न आठवणे ही आजीशी बेइमानी? मुंबई-पुण्यात ज्यू आणि ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिली, एकाच शाळेत शिकली. तिथे हा प्रश्न पुस्तकी नाही.

आधी एलीया. ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला, राजाला तोंडावर सुनावणारा संदेष्टा. आजच्या इस्रायलमधल्या हैफा शहराच्या डोक्यावर कार्मेल नावाचा डोंगर आहे. त्यावर बआल देवाच्या पुरोहितांशी त्याचा सामना झाला, असं बायबल सांगतं. त्याच्या आयुष्याचा शेवट तर विलक्षणच आहे: तो मेला नाही, अग्नीच्या रथातून सदेह स्वर्गात गेला. मेला नाही म्हणून तो परत येऊ शकतो. ज्यू घरात मुलाच्या सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची मांडतात, वल्हांडण सणाच्या जेवणात त्याच्यासाठी प्याला भरून ठेवतात.

कोकणातल्या ज्यूंनी, म्हणजे बेने इस्राएलांनी, त्याला याहून जवळ आणून ठेवलं. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाहू हनबीच्या, म्हणजे एलीया संदेष्ट्याच्या, रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या, असं ते श्रद्धेने दाखवतात. स्वर्गाच्या वाटेवर रथ कोकणात टेकला! वैकुंठाला जाणाऱ्या तुकोबांच्या महाराष्ट्राला यात काही अविश्वसनीय वाटू नये. नवस याच्याच नावाने बोलतात आणि फेडतात मलिद्याने. लग्नाआधी, नव्या घरात, परदेशी निघताना, आजारातून उठल्यावर मलिदा होतो. ताटात भिजवलेले गोड पोहे, त्यात ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, भोवती फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या नाहीतर सब्जाची डहाळी. झाडाच्या फळाला एक आशीर्वचन, जमिनीतून येणाऱ्याला दुसरं, सुवासाला तिसरं. प्रार्थना हिब्रू, पोहे कोकणी.

शेकडो वर्षं या लोकांना हिब्रू ग्रंथ माहीत नव्हते. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली. ती तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवू लागली, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. धर्म उरला तो एवढाच: शनिवार, सुंता, ‘शेमा’ ही प्रार्थना, काही उपास, आणि खवले नसलेला मासा खायचा नाही. कोकणात राहून कोळंबी वर्ज्य! याला निष्ठा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? आडनावं मात्र गावांची: रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर. ‘बूट पॉलिश’मधला सगळ्यांचा लाडका जॉनचाचा, अभिनेता डेव्हिड, हा पूर्ण नावाने डेव्हिड अब्राहम चेऊलकर.

आता खाडी ओलांडून कोर्लईत या. चर्चच्या नावातलं कार्मेल म्हणजे एलीयाचाच तो हैफाचा डोंगर. बाराव्या-तेराव्या शतकात युरोपातून आलेले काही ख्रिस्ती तपस्वी त्या डोंगरावर, एलीयाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झऱ्याजवळ राहू लागले. त्यांतून कार्मेलाइट हा कॅथलिक संन्याशांचा पंथ उभा राहिला. या पंथाचं वैशिष्ट्य असं, की त्याला कुणी एक ऐतिहासिक संस्थापक नाही. ते एलीयालाच आपला पिता मानतात. रोमच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात धर्मसंघांच्या संस्थापकांचे भव्य पुतळे आहेत, त्यांत कार्मेलाइटांच्या वाटचा पुतळा एलीयाचा आहे. कॅथलिक जगाच्या मुख्य देवळात एक ज्यू संदेष्टा संस्थापक म्हणून उभा! मुंबईचाही या पंथाशी जुना संबंध आहे. १७२० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईतून पोर्तुगीज पाद्र्यांना काढलं आणि चर्चेस सोपवली ती इटालियन कार्मेलाइटांकडे.

इथवर सगळं गोड आहे. पण याच किनाऱ्यावर आजीच्या दिव्याच्या प्रश्नाचं एक भयंकर उत्तर दिलं गेलं होतं, आणि ते टाळून पुढे जाता येत नाही.

गार्सिया द ओर्ता. जन्म १५०० च्या आसपास, पोर्तुगालमधल्या कास्तेलो द विदे गावी. आईवडील स्पेनमधून आलेले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा हजारोंनी पोर्तुगाल गाठलं, आणि १४९७ मध्ये पोर्तुगालने त्यांना हाकलण्याऐवजी सक्तीने बाप्तिस्मा दिला. अशा कुटुंबांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत. हा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या पुसला जात नसे. ओर्ता वैद्य झाला, १५३४ मध्ये भारतात आला, गोव्यात स्थिरावला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा त्याचा रुग्ण आणि स्नेही. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. तिथल्या आंब्यांचं त्याला कोण कौतुक! १५६३ मध्ये गोव्यात छापलेला त्याचा संवादरूप ग्रंथ भारतीय औषधी वनस्पतींची युरोपला पहिली खरी ओळख करून देणारा. पटकीच्या साथीचं त्याने केलेलं वर्णन वैद्यकाच्या इतिहासात आजही उद्धृत होतं.

तो १५६८ मध्ये वारला, बाहेरून सगळ्यांच्या नजरेत कॅथलिक म्हणून. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जिवंत जाळण्यात आलं. नातेवाइकांच्या जबान्यांतून गार्सियाचंही नाव निघालं. तो तर मेलेला. मग १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली.

इथे एक बारीक गोष्ट समजून घेतली पाहिजे. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मधली थोडी वर्षं सोडता १५६० ते १८१२ चाललं; ते मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांवर अधिकार गाजवत असे. शनिवारी धुतलेले कपडे घालणे, शुक्रवारी दिवे घासणे, डुकराचं मांस टाळणे या गोष्टी नव्या ख्रिस्त्यांविरुद्ध पुरावा म्हणून धरल्या जात. आता चौलकडे पाहा. पोर्तुगीज तटबंदीच्या आसपासच्या गावांत तेली लोक हेच सगळं राजरोस करत होते. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. शिवाय ‘शनिवार तेली’ ही एक जात म्हणून ते सहज खपून गेले असतील, असा माझा तर्क आहे. तोच शनिवार, तोच दिवा. एकाला त्याबद्दल चिता आणि दुसऱ्याला फार तर एक टोपणनाव.

आणि याच काळात, याच भूमीत आणखी एक नवल घडत होतं. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्याला उतरला. ओर्ताची हाडं जळली तेव्हा त्याला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याने पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ मध्ये ते छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. त्याचा पहिला भाग, ‘पैले पुराण’, कशाचा? आदाम, अब्राहाम, मोशे, दावीद यांचा. म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाचा. गोव्याचे कॅथलिक देवळात मराठी ओव्यांतून ज्यू पूर्वजांच्या कथा ऐकत होते आणि चौकात ज्यू पूर्वजांची आठवण ठेवणाऱ्यांना जाळलं जात होतं. पूर्वज वंदनीय, वंशज संशयित. याहून मोठी विसंगती मला तरी दाखवता येणार नाही.

त्या पोर्तुगीज राज्याने पुढे काय केलं तेही सांगून टाकतो. २०१५ मध्ये पोर्तुगालने कायदा अमलात आणला, की एके काळी हाकललेल्या ज्यूंचे वंशज नागरिकत्व मागू शकतात. अट वंशाची होती. अर्जदार आज ज्यू धर्म पाळतो की कॅथलिक आहे, याच्याशी कायद्याला देणंघेणं नव्हतं. पुढे अटी कडक झाल्या, तो भाग वेगळा. आणि पणजीच्या मध्यवस्तीतली बाग आज गार्सिया द ओर्ताच्या नावाने आहे.

पण माणसांनी हा गुंता आतून कसा सोडवला? इथे पुन्हा कार्मेल मदतीला येतं, आणि ते पाहून मी खरोखर थक्क झालो.

कार्मेलाइट पंथाची मोठी सुधारक, आविलाची संत तेरेसा (१५१५–१५८२). तिचे आजोबा टोलेडोचे कापड-व्यापारी, ज्यू वंशाचे नवे ख्रिस्ती. १४८५ मध्ये इन्क्विझिशनने त्यांना जाहीर प्रायश्चित्त करायला लावलं होतं. नात संत झाली. आजोबांचा उल्लेख घराण्यात कुणी करत नसे. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता.

त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी एडिथ स्टाइन. जन्म १८९१, ब्रेस्लाउ शहरात, नेमका योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी. तत्त्वज्ञानाची विदुषी, तरुणपणी नास्तिक. १९२१ मध्ये तेरेसाचं आत्मचरित्र तिच्या हाती पडलं आणि १९२२ च्या पहिल्या दिवशी तिने बाप्तिस्मा घेतला. कर्मठ ज्यू आईसाठी हा आघात होता. तरी घरी आली की एडिथ आईसोबत सिनेगॉगमध्ये जायची आणि तिथले स्तोत्रपाठ चालू असताना आपल्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकातली तीच स्तोत्रं वाचायची. स्तोत्रं एकच ना! आई-लेक शेजारी, पुस्तकं दोन, शब्द दावीदाचे. १९३३ मध्ये ती कार्मेलाइट मठात गेली. त्याच वर्षी तिने आपल्या ज्यू कुटुंबाच्या आठवणी लिहायला घेतल्या. हिटलरचा प्रचार ज्यूंचं जे विद्रूप चित्र रंगवत होता, त्याला आपल्या घरातली खरी माणसं दाखवून उत्तर द्यायचं होतं. ९ ऑगस्ट १९४२ ला आउश्वित्झमध्ये नाझींनी तिला मारलं. १९९८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत घोषित केलं, तेव्हा अनेक ज्यूंनी हरकत घेतली: ती ज्यू म्हणून मारली गेली, तिला ख्रिस्ती हुतात्मा कसं म्हणता? ही हरकत हलकी नाही.

तिसरा, ब्रदर डॅनियल. मूळचा ऑस्वाल्ड रूफाइझेन, पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात ओळख लपवून जर्मन पोलिसांचा दुभाषी झाला आणि आतल्या बातम्या फोडून मीर गावातल्या शेकडो ज्यूंना निसटायला मदत केली. मग एका मठात लपला आणि तिथे कॅथलिक झाला. पुढे कार्मेलाइट होऊन हैफाला आला आणि म्हणाला, मी ज्यू आहे, मला ज्यू म्हणून नागरिकत्व द्या. १९६२ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे ज्यू आईचा मुलगा ज्यूच राहतो, हे खरं. पण लोकव्यवहारात स्वेच्छेने ख्रिस्ती झालेल्याला कुणी ज्यू म्हणणार नाही, असा निकालाचा आशय. मग तो सामान्य परकीयासारखा अर्ज करून नागरिक झाला. गंमत म्हणजे त्याच सुमारास इस्रायलमध्ये आपले बेने इस्राएल उलट्या बाजूने झगडत होते. त्यांनी धर्म कधी सोडला नव्हता, तरी तिथले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, त्यांच्या वंशाबद्दल शंका घेत होते. मोठं आंदोलन झालं आणि १९६४ मध्ये त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळाली.

चौथ्याने तर नावच एलीयाचं घेतलं. फादर इलायस फ्रीडमन, दक्षिण आफ्रिकेतल्या ज्यू कुटुंबातला, हैफाच्या कार्मेल मठातला साधू. १९७९ मध्ये त्याने ज्यू वंशाच्या कॅथलिकांची संघटना काढली. त्याचं म्हणणं, बाप्तिस्म्यानंतर ज्यू माणूस इतर कॅथलिकांत पूर्ण विरघळून जातो, तसं होऊ नये. इस्रायलमध्ये हिब्रूत मिस्सा करणारा कॅथलिक समाज तर १९५५ पासूनच आहे.

कार्मेलबाहेरचं एकच उदाहरण देतो, कारण ते सोडवत नाही. पॅरिसचे आर्चबिशप, कार्डिनल लुस्टिजेर. जन्मनाव आरॉन. तेराव्या वर्षी, १९४० मध्ये, आईवडिलांच्या मनाविरुद्ध बाप्तिस्मा. आई आउश्वित्झमध्ये मारली गेली. ते आयुष्यभर म्हणत राहिले की मी ज्यू आहे. इस्रायलच्या प्रमुख रब्बींपैकी एकाने त्यांच्यावर आपल्या लोकांशी विश्वासघात केल्याचा आरोप केला. २००७ मध्ये ते गेले तेव्हा नोत्रदाम चर्चच्या दारात आधी ‘कद्दिश’, म्हणजे मृतासाठीची ज्यू प्रार्थना म्हटली गेली, आणि मग शवपेटी आत गेली. त्यांनीच लिहून ठेवलेल्या स्मृतिलेखात आजोबांचं आरॉन हे नाव आहे, आणि प्रेषित जसे ज्यू राहिले तसा मीही राहिलो, असा आशय आहे.

ओर्ता आणि लुस्टिजेर यांच्यामध्ये चर्चच बदललं. १४४२ च्या फ्लोरेन्स परिषदेने सुंता, शब्बाथ वगैरे पाळणाऱ्या ख्रिस्त्याला पापी ठरवलं होतं. २८ ऑक्टोबर १९६५ ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हा दस्तऐवज काढला: येशूच्या मृत्यूचा दोष ज्यू लोकांवर टाकता येणार नाही, देवाने त्यांना दिलेलं वचन मागे घेतलेलं नाही, ख्रिस्ती धर्माची मुळं त्यांच्यातच आहेत. नव्या मिस्सात भाकरी आणि द्राक्षारस अर्पण करतानाची प्रार्थना ज्यू भोजनाशीर्वादाच्या धर्तीवर बेतली गेली. बेने इस्राएल घरात शुक्रवारी संध्याकाळी मनुकांच्या सरबतावर जो आशीर्वाद म्हणतात, त्याचं हे जवळचं नातलग. दर रविवारी मिस्सा ऐकणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

मग आजीच्या दिव्याचं काय? आजचं चर्च त्या दिव्याला आक्षेप घेणार नाही. तो लावल्याशिवाय तारण नाही असं मात्र कॅथलिक म्हणू शकत नाही. आजीच्या पुण्यतिथीला दिवा लावावा, तिची स्तोत्रं म्हणावीत, तिच्या सणांची पंचांगं पाहावीत. एडिथ स्टाइनने आईशेजारी बसून हेच केलं. माझं मत विचाराल तर धोका दुसरीकडे आहे. वल्हांडणाचं जेवण घेऊन त्यात ख्रिस्ती अर्थ भरायचे आणि त्याला वारसा म्हणायचं, हे बरं नाही. अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी १९८८ मध्येच बजावलं, की ते जेवण करायचं तर त्याचं ज्यूपण जपून करा. ज्या समाजाने शतकानुशतकं सक्तीचे बाप्तिस्मे सोसले, त्याच्या ताटातलं उचलताना आधी विचारावं, ही साधी रीत आहे. आणि ज्यू समाज अशा माणसाला आपला मानेलच असं नाही. डॅनियलला मानलं नाही. ती त्यांची बाजू, ती ऐकून घ्यावी.

कोकणी ज्यू आडनाव हा बहुधा गावाचा पत्ता असतो. तुमच्या कॅथलिक घरात कुठे एखादी चेऊलकर, रोहेकर नाहीतर पेणकर आजी किंवा पणजी असेल, तर घरातलं वडीलधारं माणूस आहे तोवर तिचं माहेरचं पूर्ण नाव, गाव, ती कोणते उपास करायची, शुक्रवारी काय रांधायची, हे विचारून वहीत उतरवून घ्या. आणि कुणाकडे मलिद्याचं बोलावणं आलं तर जरूर जा, पाहुण्यासारखे बसा आणि ताटात येईल ते पोटभर खा.